वाचक विचारतात : उतरायचं पन्हाळ्यावर, गाडी पांढरपाण्याला?

प्रश्न : पावसाळ्यात आम्ही पन्हाळा ते पावनखिंड चालतो. गाडी राहते पन्हाळ्यावर, आम्ही पोहोचतो पावनखिंडीजवळच्या पांढरपाण्याला. ती आणण्यात अर्धा दिवस जातो. विनाचालक गाडी आली की हा घोळ मिटेल का? (राजारामपुरी)

उत्तर : मिटेल, पण इतक्यात नाही. अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्कोत वेमो या कंपनीच्या टॅक्सी चालकाविना धावतात, त्याही बारकाईने नकाशा काढलेल्या हद्दीतच. मलकापूरच्या पुढे जुलैत रस्त्यावर पट्टे दिसत नाहीत, साइडपट्टी खचलेली असते, वळणावर म्हशी बसलेल्या असतात आणि वर धुकं. या गाड्यांवरचा लायडार हा संवेदक लेझरचा झोत सोडून तो परतायला किती वेळ लागला यावरून अंतर मोजतो. धुक्यात झोत थेंबांवरच आपटून परततो आणि पुढचं दिसणं कमी होतं. अशा वेळी गाडीने कडेला थांबावं अशी रचना असते. घाटात थांबायला कडच कुठे असते? शिवाय केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचं कारण देत या गाड्यांना जाहीर विरोध केला आहे.

तरी ती यावी असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण दोन दिवस चिखल तुडवून रात्री कोल्हापूरपर्यंत गाडी हाकणं हा या ट्रेकमधला मोठा धोका आहे. डुलकी लागते. आली, तर तिला फोनवरून बोलावण्याच्या भरवशावर राहू नका. खोऱ्यात रेंज जाते. ठिकाण आणि वेळ निघतानाच ठरवून द्या.

तोवर दोन गाड्यांची पद्धत बरी. एक आदल्या दिवशी पांढरपाण्याला, घरमालकाला विचारून, सपाट आणि कठीण जमिनीवर लावा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसात ब्रेक चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. आत कोरडे कपडे आणि पाणी. तिची किल्ली पन्हाळ्यावरच्या गाडीत विसरणं ही नेहमीची चूक; निघण्याआधी ती सॅकमध्ये आहे का, हात घालून बघा. दोन गाड्या नसतील तर परतीला मलकापूरहून वडाप जीप आधी ठरवा.

प्रश्न : आमच्या नव्या गाडीत लेन सांभाळणारी यंत्रणा आहे. घाटात तिच्यावर सोडता येईल? (इचलकरंजी)

उत्तर : नाही. ही फार तर लेव्हल 2 आहे. गाडी स्वतःहून किती चालते याच्या 0 ते 5 या पायऱ्यांत इथे जबाबदारी चालकाचीच. पट्टे नसले की यंत्रणा गप्प होते, किंवा अर्धवट पट्टा पाहून स्टिअरिंग ओढते. घाटात लेन असिस्ट बंद करा, आपत्कालीन ब्रेक चालू ठेवा.

प्रश्न : मग पुढे सामान मुक्कामाला गाडीनेच पाठवता येईल? (शाहूपुरी)

उत्तर : आजही चालक देऊन पाठवता येतं. पण रेनकोट, टॉर्च, 2 लिटर पाणी, औषधं आणि प्लॅस्टिकमध्ये बांधलेले कोरडे मोजे पाठीवरच हवेत. ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडेच अडकते. जेवण मात्र गाडीतून नेऊ नका. वाटेवरच्या करपेवाडीसारख्या वाड्यांत आधी कळवा, किती माणसं ते सांगा आणि आगाऊ पैसे द्या.