समुद्रातल्या जीवांपासून व्हायरसवर औषध खरंच निघतं का, का नुसत्या बातम्या?

निघतं की. तुम्ही लिहिलंय आपल्या मराठवाड्याला समुद्राचं काय देणंघेणं, तर सांगतो, माझं लातूरला मेडिकल आहे आन नागिणीचे पेशंट आमच्याकडं कायम येतात. बरेच जण आधी गेरू लावून, मंत्र टाकून घेऊन येतात, दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो म्हणून घरचे घाबरलेले असतात (असं काही नसतं). त्यांना डॉक्टर लिहून देतात ती असायक्लोव्हिरची गोळी, आणि तिचं मूळ शोधत गेलं की एका स्पंजपाशी (समुद्राच्या तळाला चिकटून राहणारा साधा जीव) पोचतं.

झालं असं की 1950 च्या आसपास वर्नर बर्गमन नावाच्या शास्त्रज्ञाला फ्लोरिडाकडच्या समुद्रातल्या स्पंजमध्ये डीएनएच्या तुकड्यांसारखे पदार्थ सापडले, फक्त त्यातली साखर वेगळी, अरॅबिनोज. म्हणजे कंपनीच्या पार्टसारखा दिसणारा डुप्लिकेट पार्ट समजा. व्हायरस स्वतःची कॉपी काढताना तो उचलतो, बसवतो आणि पुढचं काम अडतं. ह्या नमुन्यावरून लॅबमध्ये दोन औषधं बनली, सायटाराबिन, जे ब्लड कॅन्सरला आजपण देतात, आणि विडाराबिन, जे हर्पिससाठी (नागिणीचा व्हायरस ह्याच घराण्यातला) अमेरिकेत 1976 ला मंजूर झालं. गंमत म्हणजे विडाराबिन आधी लॅबमध्ये बनलं आणि 1984 ला भूमध्य समुद्रातल्या एका जीवात तेच सापडलं! विडाराबिन व्हायरसवर चालतं हे वाचूनच गर्ट्रूड एलियन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी 1968 ला आपलं जुनं काम परत काढलं, त्यातून पुढं असायक्लोव्हिर आलं, 1988 ला नोबेलपण मिळालं. म्हणजे गोळीत स्पंज नाही, स्पंजनं डोकं दिलं.

बाकी बातम्यांचं म्हणाल तर प्लिटिडेप्सिन हे औषध समुद्रातल्याच एका जीवातलं, कोविडमध्ये लई गाजलं, ट्रायल झाल्या पण कोविडसाठी मंजुरी काही मिळाली नाही. अडचण मालाची असते हो, टनभर जीव गोळा करून एखादा ग्रॅम हाती लागायचा, म्हणून लॅबमध्ये बनवता आलं तरच पुढं सरकतं.

नागीण असंल तर मात्र 72 तासांच्या आत डॉक्टरकडं जा, उशीर झाला की गोळीचा फायदा कमी होतो.

आणि ती समुद्री शेवाळाची पावडर, खाल्ली की व्हायरल ताप येत नाही म्हणून मेसेज फिरायलाय ती, माझ्याकडंपण एक जण डबे ठेवा म्हणून मागं लागला होता, मी काही ठेवली नाही.