मुखवटेवाल्या घोडेस्वारांच्या जुन्या सिनेमा-मालिका: सुरुवात कुठून करावी?

बिनधास्त 'झोरोज फायटिंग लीजन' लावा. झोरो म्हणजे मुखवटा घालून अन्यायाशी लढणारा घोडेस्वार नायक. अमेरिकेची रिपब्लिक सिनेमा कंपनी, १९३९, १२ भाग. घोडदौड अशी की नंतरच्या बऱ्याच मालिका फिक्या वाटतील.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- सगळे भाग एका बैठकीत संपवू नका. थिएटरात आठवड्याला एकच भाग लागायचा, म्हणून आधीचा प्रसंग दरवेळी पुन्हा दाखवतात. सलग बघितलं की डोकं उठतं.
- नायकासकट गाडी दरीत कोसळली, आणि पुढच्या भागात तो आधीच उडी मारताना दिसला, तर चिडू नका. ही लबाडी ठरलेलीच. मला तर तीच आवडते.

'झोरोज ब्लॅक व्हिप'मध्ये (१९४४) झोरोला शोधू नका, तो नाहीच! मुखवट्यामागे अभिनेत्री लिंडा स्टर्लिंग आहे.

प्रिंट, दिग्दर्शक, स्टंटवाले हे सगळं नंतर बोलू.