माझ्या चौथीतल्या मुलाला डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली, पण वाचण्या-लिहिण्यात अडचण) निघालाय. एकट्याची शिकवणी लावावी का? शिक्षक कसा निवडावा? ऑनलाइन चालेल का?

तुमच्या प्रश्नात खाली एक वाक्य आहे, "शाळेचा पोर्शन मागं पडू नये म्हणून घरी येणारे सर बघतोय". त्या वाक्यामुळंच लिहायला बसलो. पोर्शनसाठी लावणार असाल तर लावू नका. पैसे जातील आणि शाळेतनं दमून आलेल्या पोराचा आणखी एक तास जाईल. वाचायला शिकवण्यासाठी लावणार असाल तर लगेच लावा, जूनची वाट बघत बसू नका.

आमच्याकडं माझ्या ताईचा मुलगा. आम्ही सांगलीचे, ताई मिरजेत दिलेली. पोरगं बोलायला एक नंबर, ट्रॅक्टरचा पार्ट न् पार्ट सांगणार, कुठल्या मॅचला कुणी किती रन केले तोंडपाठ, आणि तिसरी संपत आली तरी पुस्तक हातात दिलं की तोंड उतरायचं. पोट दुखतंय, पाणी प्यायचंय, बाथरूमला जायचंय, हे सगळं सुरू व्हायचं. दाजींचं म्हणणं एकच, पोरगं आळशी आहे, आईनं लाडावून ठेवलंय, मास्तर कडक पाहिजे. म्हणून आधी गल्लीतला क्लास, तिथं वीस-पंचवीस पोरं, तिथं जमेना म्हणून मग घरी येणारे सर. एका पोराला एक सर, म्हणजे तुम्ही जे विचारताय तेच.

सर वेळेवर यायचे, ओरडायचे नाहीत, माणूस चांगला होता. पण करायचे काय, तर शाळेत जे झालं तेच परत. प्रश्नोत्तरं उतरवून घ्यायची, चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावायचा. आता हे मूल शब्दाचं पहिलं अक्षर बघून पुढचा अंदाज मारत होतं, 'पावसाळा' समोर असला की 'पाठशाळा' म्हणायचं. त्याला तो शब्द दहा वेळा लिहायला लावला तर काय होतं ते मी शेजारी बसून बघितलंय. पहिल्या ओळीत त्यानं 'पवासाळा' लिहिलं आणि खालच्या नऊ ओळी त्या पहिल्या ओळीवरनं चित्र काढल्यासारख्या उतरवल्या. पान भरलं, सही झाली, शब्द काही आला नाही. एकट्याला बसवून शिकवलं म्हणजे ती वैयक्तिक शिकवणी होत नाही, हे मी तेव्हापासून दाजींना सांगतोय. वर्गात जे जमत नाही तेच घरी एकट्याला करायला लावलं तर फक्त लपायला बाक उरत नाही, बाकी फरक शून्य.

पुढं तपासणी झाली, बुद्धी चांगली, वाचन-लेखन दोन इयत्ता मागं, असा रिपोर्ट आला, आणि एका स्पेशल एज्युकेटर, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या बाईंकडं आम्ही जायला लागलो. न्यायचं काम माझ्याकडं होतं, गाडीवर मागं बसवून न्यायचो आणि बाई नको म्हणायच्या नाहीत म्हणून तिथंच बसायचो. पहिल्या दिवशी बाईंनी दप्तर उघडूच दिलं नाही. तिसरीचं पुस्तक दिलं, अडला. दुसरीचं दिलं, अडला. पहिलीचं दिलं, तिथं पण कानामात्रा आली की थांबत होता. शेवटी 'कमळ, गवत, बदक' असल्या शब्दांवर गाडी न अडखळता चालली. बाई म्हणाल्या, आपण इथनं सुरू करायचं.

घरी येऊन हे सांगितलं तर दाजी भडकले. चौथीत जाणाऱ्या पोराला बदक-कमळ शिकवायला पैसे द्यायचे का? माझं म्हणणं आजही तेच आहे, जिथं तुटलंय तिथंच जोडायला लागतं, मग ते पहिलीत तुटलेलं असो नाहीतर बालवाडीत.

बाईंचं काम कसं चालायचं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला शिक्षक ओळखता येईल. स्टीलच्या ताटात रवा पसरायचा. त्यात बोटानं 'भ' काढायचा आणि काढता काढता तोंडानं आवाज म्हणायचा. 'भ' आणि 'म' तो हमखास गोंधळायचा, 'घ' आणि 'ध' पण. तर दोन्ही एका दिवशी शिकवायच्या नाहीत, एक पक्कं झाल्यावरच दुसरं. वेलांटीला तर बरेच आठवडे गेले. आपल्याला लक्षात येत नाही पण पहिली वेलांटी ही विचित्र गोष्ट आहे, लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षराच्या नंतर. 'किरण' लिही म्हटलं की हा 'करिण' लिहायचा, वेलांटी आहे हे त्याला कळायचं, कुणाला द्यायची ते कळायचं नाही. मग कार्डं केली, अक्षर काळ्या पेननं, वेलांटी लाल पेननं, आधी 'क' ठेवायचा, आवाज म्हणायचा, मग 'इ' म्हणत लाल कार्ड उचलून त्याच्या डावीकडं लावायचं. रफाराचं तसंच उलटं, 'सूर्य' मध्ये र आधी ऐकू येतो आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. बाई टेबलावर बोट आपटून आवाज सुटे करायला लावायच्या, सू, र्, य, आणि मगच पेन्सिल हातात.

दाजींना हे खेळ वाटायचे. हे खेळ नाहीत. अमेरिकेत 1930 च्या दशकात सॅम्युएल ऑर्टन नावाचे मेंदूचे डॉक्टर आणि अ‍ॅना गिलिंगहॅम या बाई यांनी बसवलेली ही पद्धत आहे, डोळा, कान, तोंड आणि हात एकाच वेळी कामाला लावायचे, आवाज आधी, अक्षर मग, शब्द त्यानंतर, आणि मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. ती इंग्रजीसाठी होती, आमच्या बाईंनी ती बाराखडीला लावून घेतली होती.

गणिताचं पण थोडं सांगतो कारण तुम्ही लिहिलंय की तुमचा मुलगा आकडे उलटे लिहितो. आमचा पण सव्वीस म्हटलं की 62 लिहायचा. कारण सव्वीस म्हणताना सहा आधी कानावर पडतात आणि वीस नंतर. ज्या मुलाच्या डोक्यात क्रम आधीच घसरतोय त्याला हे फार जड जातं. बाई दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबर लावून द्यायच्या, दोन गठ्ठे आणि सहा सुट्या, आणि म्हणायला लावायच्या 'वीस सहा', मग 26 लिहायचं, मग शेवटी 'सव्वीस'. तुम्हाला आठवत असेल, 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात हीच पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला, मराठीची वाट लावली म्हणून. पुस्तकाच्या समितीतल्या गणितज्ञ मंगला नारळीकर बाई शांतपणे समजावून सांगत होत्या, ऐकायला कुणी तयार नव्हतं. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दाजी त्याचे जोक टाकत होते, आणि त्याच आठवड्यात त्यांचंच पोरगं त्याच पद्धतीनं पहिल्यांदा 40 पर्यंतचे आकडे एकही उलटा न करता लिहीत होतं. मी तेव्हा ग्रुपवर त्या वहीचा फोटो टाकला होता. त्यावर कुणी काही बोललं नाही.

आता तुम्ही म्हणाल मग शाळेचा पोर्शन कोण करणार. पोर्शन कानानं करायचा. ताई धडा मोठ्यानं वाचून दाखवायची, परिसर अभ्यासाचे धडे तिनं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवले होते, तो ऐकायचा आणि उत्तरं तोंडी द्यायचा. समजायला त्याला कधीच अडचण नव्हती. वह्या अपूर्ण राहिल्या, राहू दे. शाळेत रिपोर्ट जोडून लेखी अर्ज दिला की गृहपाठ कमी द्या आणि तोंडी परीक्षा घ्या, वर्गात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नका. अर्जाची पोच घ्या, नुसतं तोंडी सांगितलेलं पुढच्या वर्षी नवीन वर्गशिक्षक आले की हवेत जातं.

शिक्षक निवडायचं म्हणाल तर एकच बघा. पहिल्या भेटीत तो काय मागतो? शाळेचं टाइमटेबल आणि वह्या मागितल्या तर चहा पाजून परत पाठवा. रिपोर्ट मागितला आणि मुलाला शेजारी बसवून वाचायला लावलं तर पुढचं बोला. स्पेशल एज्युकेशनचं शिक्षण झालेल्यांकडं आरसीआयचा म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर असतो, तो विचारायला लाजू नका. पण नंबर आहे म्हणून डोळे झाकून विश्वास पण नको, नंबरवाले सुद्धा काही जण होमवर्कच करून घेतात. आठवड्याला तीन-चार दिवस, पाऊण तास, त्याच्या वर नाही, आणि त्याच्या जोडीला दुसरी कुठली शिकवणी नाही.

अध्ययन अक्षमतेच्या सरकारी सर्टिफिकेटचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो, कारण आमच्या घरी सगळ्यात मोठं भांडण त्यावरच झालं. दाजी म्हणाले शिक्का बसेल, उद्या लग्नाला अडचण, सवलतीची सवय लागली की पोरगं कष्ट करणार नाही, आणि ही सगळी आत्ताची फॅडं आहेत. आत्ताची नाहीत. आपल्या महाराष्ट्रात दहावीला या मुलांना सवलती 1996 पासून आहेत, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात अध्ययन अक्षमता, जिच्यात डिस्लेक्सिया येतो, ती स्पष्ट लिहिलेली आहे. शिक्का म्हणाल तर तो आधीच बसलेला होता, वर्गात, क्लासमध्ये आणि घरात, 'ढ' म्हणून. कागदावरच्या शिक्क्यानं निदान परीक्षेत तासाला 20 मिनिटं जास्त मिळतात आणि गरज असेल तर लेखनिक मिळतो. केंद्राच्या 2018 च्या नियमांत 8 वर्षं पूर्ण झाल्यावर सर्टिफिकेट आणि 14 आणि 18 व्या वर्षी परत तपासणी असं होतं, 2024 ला नवे नियम आलेत, तेव्हा आत्ताचं काय ते हॉस्पिटलमध्येच विचारा आणि सरकारी हॉस्पिटलची तारीख आत्ताच घेऊन ठेवा, नंबर लागायला वेळ जातो. दहावीला गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्यायची सोय असते, ती मात्र घाईनं घेऊ नका, पुढं डिप्लोमा किंवा सायन्सला अडचण येऊ शकते.

आमच्या पोरानं दहावी दिली, वेळ जास्त घेतला, लेखनिक घेतला नाही, गणित सोडलं नाही. दाजी आता पाहुण्यांना सांगतात वयानं सुधारला. वयानं नाही सुधारला. ताईनं धडे वाचून वाचून घसा बसवून घेतला आणि त्या बाईंनी बदक-कमळपासून हात धरून आणला म्हणून सुधारला, आणि हे मी दाजींच्या तोंडावर सांगितलंय, इथं पण सांगतो.

एक मात्र आहे, मी काही तज्ज्ञ नाही, मी अकाउंटचं काम करतो. हे एका मुलाचं झालं. तुमच्या मुलाचे डोळे आणि कान तपासले नसतील तर आधी ते करा. त्याला एका जागी बसवत नसेल, लक्ष टिकत नसेल तर ते डॉक्टरांना वेगळं सांगा, दोन्ही एकत्र असू शकतं आणि मग नुसत्या शिकवणीनं भागत नाही. आणि पूर्ण बरं होईल असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडं जाऊ नका. आमचा आजही हळू वाचतो, ऱ्हस्व-दीर्घ आजही चुकतं.

फीचं काही सांगत नाही, मुंबई-पुण्याचे दर आणि आमच्याकडचे दर यांचा मेळ नाही. ऑनलाइन चालतं. लॉकडाऊनमध्ये आमचे तास मोबाइलवरच झाले, पण पलीकडनं बाई सांगायच्या आणि अलीकडं रव्याचं ताट धरून, बोट चुकलं की हात धरून परत वळवायला मी बसलेला असायचो. तुमच्या घरात तेवढा पाऊण तास फोन बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसणारं कुणी असेल तर ऑनलाइन घ्या, नसेल तर गावातलंच कुणी बघा, भले थोडं लांब जायला लागलं तरी.