सकाळी नेट चालतं, अकरानंतर अर्ध्या पोरांचं बंद: रीसेट मारण्याआधी हे बघा

भाऊ, प्रश्न दोनदा वाचला. उदगीरला अभ्यासिका, खाली प्रोव्हायडरनं लावलेला फायबरचा डबा, वर पत्र्याच्या हॉलमध्ये तुम्ही विकत आणलेला राउटर. सहाच्या बॅचला नेट चांगलं, अकराची बॅच आली की बऱ्याच मोबाईलवर ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ एवढंच फिरत राहतं. वरच्या हॉलमध्ये काहींचं वायफाय जोडलं जातं, पण ‘इंटरनेट नाही’. डबा बंद-चालू केला की दोन-तीन तास ठीक. कुणीतरी म्हणालं रीसेट मारा, तुम्ही मारलं, नेट पूर्णच गेलं आणि दोन दिवस कुणी फिरकलं नाही. शिवाय कॅमेरेही घरून दिसत नाहीत.

मी चौदा वर्षं लातूर-अहमदपूर-उदगीर पट्ट्यात हेच काम करतो. तुमच्याकडं एक नाही, दोन दुखणी आहेत, म्हणून गोंधळ होतोय. आणि दोन्हींना रीसेट हे औषध नाही.

आधी त्या रीसेटचं. रीस्टार्ट म्हणजे डबा झोपवून उठवणं. रीसेट म्हणजे टाचणीनं मागचं भोक दहा सेकंद दाबून त्याची पाटी कोरी करणं. फायबरच्या डब्यात पीपीपीओईचं (प्रोव्हायडरकडं लॉगिन व्हायची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि बऱ्याचदा व्हीलॅनचा (त्यांच्या लाईनवरची तुमची वेगळी वाट) नंबर भरलेला असतो. तो पुसला की लाईन धडधाकट असूनही नेट येत नाही. म्हणून आता सगळं चालू आहे तोवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (नाही उघडलं तर डब्याच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता टाका), वॅनच्या (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानाचा फोटो काढा, आणि सिस्टमच्या भागात बॅकअपचं बटण असेल तर फाईल उतरवून स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवा. पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, तो प्रोव्हायडरकडून विचारून कागदावर लिहून घ्या.

आता पहिलं दुखणं. घरगुती डबा येतानाच मोबाईलना वाटायचे ठरावीक पत्ते (आयपी ॲड्रेस) घेऊन येतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत डीएचसीपीची (हे पत्ते वाटणारी सोय) सुरुवात १९२.१६८.१.१०० आणि शेवट १९२.१६८.१.१४९ आहे, म्हणजे मोजून ५० पत्ते. लीज टाइम (दिलेला पत्ता त्या मोबाईलच्या नावावर किती वेळ ठेवायचा) ८६४०० सेकंद, म्हणजे २४ तास. मेसमध्ये ५० ताटं आहेत, सकाळची पोरं जेवून निघून गेली, पण त्यांची ताटं उद्यापर्यंत उचलायचीच नाहीत असा नियम केला तर अकराच्या पोरांनी कशात जेवायचं? सकाळच्या तीस पोरांचे मोबाईल, काहींचे टॅब, शिवाय प्रिंटर आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं यंत्र). अकरापर्यंत ताटं संपतात. रात्री तुम्ही मेन स्विच बंद करता, अशा डब्यांची यादी तेवढ्यानं पुसली जाते, म्हणून सकाळी सगळं छान. बंद-चालू केल्यावर बरं वाटतं तेही त्याचमुळं.

उपाय पाच मिनिटांचा. लॅन (आतलं नेटवर्क) किंवा डीएचसीपीच्या पानावर सुरुवात १९२.१६८.१.५० आणि शेवट १९२.१६८.१.२४९ करा, म्हणजे २०० पत्ते झाले. पन्नासच्या खालचे प्रिंटर आणि डीव्हीआरसाठी राखून ठेवा, त्यांना कायमचे नंबर द्या. लीज दोन तासांवर आणा. इथं एक गंमत आहे: काही डबे सेकंद मागतात, काही मिनिटं. सेकंदवाल्यात ७२००, मिनिटवाल्यात १२०. मी एकदा मिनिटवाल्या डब्यात ७२०० टाकून आलो होतो, म्हणजे पाच दिवसांची लीज. चौथ्या दिवशी मालकाचा फोन, ‘तुम्ही येऊन गेल्यापासून जास्तच चालंना गेलंय.’ बरोबरच होतं त्यांचं. काही डब्यांत साध्या लॉगिनला हे पान दिसत नाही, मग प्रोव्हायडरकडून करून घ्या.

दुसरं दुखणं वरच्या राउटरचं. खालून आलेली केबल तुम्ही त्याच्या पिवळ्या, म्हणजे लॅनच्या पोर्टात घातली, हे बरोबर. पण त्याचा स्वतःचा डीएचसीपी चालू आहे आणि त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१च आहे. एका घरात दोन कारभारी, दोघांचं नाव एक. पोराच्या मोबाईलनं ‘बाहेर जायचं कुठून’ विचारलं की जवळचा वरचा राउटर म्हणतो ‘माझ्याकडून’, आणि त्याच्याकडं बाहेरची वाटच नाही. म्हणून जोडलंय पण इंटरनेट नाही.

हे करताना क्रम चुकवू नका. आधी वरच्या राउटरची खालून आलेली केबल काढा. लॅपटॉप वायरनं फक्त त्यालाच जोडा. त्याचा लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि सेव्ह करा. तो पुन्हा उठेल, मग नव्या पत्त्यावर लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. आधी डीएचसीपी बंद केलात तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि तुम्ही बाहेरच राहाल. झालं की केबल परत पिवळ्या पोर्टात, निळ्या वॅन पोर्टात नाही. राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तेवढं एक बटण हे सगळं स्वतः करतं, पण केबल कुठं घालायची ते त्याच्या पुस्तिकेत बघा.

पुढच्या वेळी नेट गेलं की लॅपटॉपवर काळी कमांडची खिडकी उघडा आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) टाका. पत्ता १६९.२५४नं सुरू होत असेल तर डब्यानं पत्ताच दिला नाही, भानगड आधी सांगितलेल्या डीएचसीपीतली. पत्ता ठीक असेल तर १९२.१६८.१.१ला पिंग करा (ping लिहून पुढं पत्ता टाका, उत्तर येतं का बघा). उत्तर आलं नाही तर वायफाय किंवा केबल. आलं तर ८.८.८.८ला (गूगलचा बाहेरचा सर्व्हर) पिंग करा. इथं अडलं तर डब्याच्या पुढं, म्हणजे बहुधा प्रोव्हायडरकडं. हेही चाललं आणि तरी वेबसाइट उघडत नसतील तर डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय), तिथं ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरून बघा. हे चार टप्पे सांगितले की कस्टमर केअरचा माणूस ‘सर, डबा बंद-चालू करा’ म्हणायच्या आधी जरा थांबतो.

डब्यावर एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल तर यातलं काहीच करू नका. फायबर तुटलाय, वाकलाय, किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीनं ओढलाय. तक्रार करा आणि वाट बघा. लाल दिवा नसूनही नेट तुटक येत असेल तर डब्याच्या स्टेटस पानावर ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा. उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली गेली असेल तर प्रोव्हायडरला तो आकडाच सांगा.

आपल्याकडं निम्मी दुखणी राउटरची नसतातच, विजेची असतात. केजमध्ये एका दुकानात मी तीन चकरा मारल्या. रोज संध्याकाळी राउटर आपोआप बंद-चालू व्हायचा. सेटिंग बदलली, फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) टाकलं, उपयोग शून्य. तिसऱ्या वेळी मीटर लावला. अडॅप्टर मोकळा असताना १२ व्होल्ट दाखवायचा, राउटर जोडला की साडेनऊवर यायचा. संध्याकाळी दुकानात गर्दी, वायफायवर ताण, की तो मान टाकायचा. अडॅप्टर बदलला, विषय संपला. तेव्हापासून मी पिशवीत एक चांगला १२ व्होल्टचा अडॅप्टर ठेवतोच. नवा घेताना व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. इन्व्हर्टर असला तरी लाईट जाता-येताना राउटर झटका खाऊन रीस्टार्ट होतो, त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस लावा.

तुमचा वरचा राउटर पत्र्याखाली, एकदम उंचावर ठोकलाय असं फोटोत दिसतं. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात उदगीरच्या पत्र्याखाली दुपारी किती असतं ते तुम्हाला मी काय सांगू. डोक्याच्या उंचीवर आणा. पत्रा वायफाय अडवतोही, त्यामुळं खालच्या डब्याची रेंज वर मिळेल ही आशा सोडा. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायचं चॅनेल दोन्हींचं वेगळं ठेवा: खाली १, वर ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. माझ्या अनुभवात अशा एका डब्यावर तीस-पस्तीस मोबाईल झाले की तो दमतो, तेव्हा पोरं वाढली तर तिसरा लागेल.

कॅमेऱ्याचं: वॅनच्या पानावर आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर प्रोव्हायडरनं एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय. पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली जोडणी डीव्हीआरकडं वळवणं) रात्री घालवल्या तरी बाहेरून काही दिसणार नाही. डीव्हीआरचं क्लाउड ॲप वापरा, नाहीतर पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, कायमचा बाहेरचा पत्ता) घ्या.

वायफायचा पासवर्ड पोरं वाटणारच, त्याला इलाज नाही, त्यांना गेस्ट नेटवर्क द्या. पण डब्याच्या लॉगिनचा ॲडमिन-ॲडमिन आजच बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय) बंद करा, रिमोट मॅनेजमेंटही (बाहेरून डब्यात लॉगिन करायची सोय). २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरनं कॅमेरे आणि घरचे राउटर कंपनीच्या मूळ पासवर्डांवरच ताब्यात घेतले होते.

राहिलं एक. गच्चीवरून शेजारच्या इमारतीत तांब्याची लॅन केबल टाकायचा विचार आहे म्हणालात. नको. अवकाळीत वीज कडाडली की दोन्हीकडचे पोर्ट जळतात, दरवर्षी असे राउटर माझ्याकडं येतात. तिकडं फायबरच टाका. आणि वरच्या राउटरचं काम रविवारी, पोरं नसताना करा. डीएचसीपीचं पान सेव्ह केल्यावर त्याचा फोटो इथं टाका, वॅनचं टाकू नका, त्यात तुमचं युजरनेम दिसतं.