'बघतो' म्हणजे हो की नाही?

"ताई, सेल्सवाला काहीही कबूल करून येतो आणि रात्रभर जागतो मी. नोकरी सोडू का?" मी जळगावात समुपदेशन करते. माझ्याकडे हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात. त्यांतल्या एकाची ही हकीकत, ओळख बदलून.

तिशीतला इंजिनिअर. कंपनी लहान, जिनिंगवाल्यांना, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांना, बिलिंगचं सॉफ्टवेअर देणारी. दसऱ्याच्या तोंडावर सेल्सवाल्याने धरणगावकडच्या एका जिनिंगला शब्द दिला: आठ दिवसांत काट्यावरचं वजन थेट पावतीवर येईल, ओलाव्याची कपातही आपोआप होईल. कपातीचं गणित सोपं होतं. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात. अडलं ते काट्यावर. काटा बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा डबा, आकडा आपापल्या पद्धतीने पाठवतो. जोडून पाहिल्याशिवाय काही सांगता येत नाही. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, पावतीवर शून्यच उमटत राहिलं आणि फोनवर शिव्या खाल्ल्या याने. तेव्हापासून फोन वाजला की पोटात गोळा यायचा.

मी विचारलं, "सेल्सवाल्याने तारीख विचारली तेव्हा तू नेमकं काय म्हणालास?"

बराच वेळ आठवून म्हणाला, "बघतो म्हटलं."

पुढच्या वेळी दोघांना बोलावलं. सेल्सवाला चहाचा कप नुसता हातात फिरवत होता. "भाऊ, तू बघतो म्हणाला, मी हो समजलो. नाही म्हणाला असता तर महिना मागून घेतला असता." मग हळूच म्हणाला, की घराचा हप्ता कमिशनवर चालतो आणि कमिशन ऑर्डरवर मिळतं, काटा चालो न चालो. इंजिनिअरला हे पहिल्यांदाच कळत होतं.

एकाला सही झाली की पैसे, दुसऱ्याची मशीन चाललं तरच सुटका. अशा दोघांना नुसतं "एकमेकांना समजून घ्या" सांगणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून निम्मं कमिशन काटा चालू झाल्यावर द्यावं, हे सांगायला दोघं मिळून मालकांकडे गेले. मालकांचा होकार अजून आलेला नाही. हातातलं होतं तेवढं मात्र ठरलं: "बघतो" बंद. त्याऐवजी, "इंडिकेटरचा फोटो पाठव, परवा संध्याकाळी तारीख सांगतो." आणि तोवर सेल्सवाल्याने शब्द द्यायचा नाही.

परवा इंजिनिअरचा मेसेज आला. बोदवडहून आलेला काट्याच्या मागच्या बाजूचा फोटो, खाली दोन ओळी: "दीड महिना लागेल म्हटलं. पार्टीला पटवतो म्हणाला." झोप अजून पुरती सुधारलेली नाही, त्यासाठी तो येत राहणार आहे. राजीनाम्याचं मात्र या वेळी त्याने काढलं नाही.