वाचकांचे प्रश्न : मागे राहिलेल्यासाठी थांबताना

सुट्यांचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर पालटतो. एरवी मोटरसायकलची साखळी, टायर आणि सामानाच्या बांधणीविषयी विचारणारे वाचक या दिवसांत एकमेकांविषयी विचारू लागतात. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही नऊ जण गेली बारा वर्षे मोटरसायकलवरून एकत्र लांबच्या सफरी करतो. रस्त्यावर आमच्यात जो जिव्हाळा असतो, तो घरी परतल्यावर कुठे जातो ते कळत नाही. सुट्यांत सगळ्यांकडून तीच तयार शुभेच्छाचित्रे येतात आणि मीही तीच पुढे धाडतो. यात काही बदल करता येईल का?

रस्त्यावरचा जिव्हाळा छोट्या छोट्या कामांतून उभा राहतो. आरशात मागचा दिवा दिसतो आहे ना हे पाहणे, पुढे खड्डा असल्याची खूण पायाने करणे, कुणाचे पंक्चर निघाले की न सांगता आपली हत्यारांची पिशवी उघडणे, ही ती कामे होत. घरी आल्यावर एकमेकांसाठी करण्याजोगे असे कामच उरत नाही, आणि म्हणून तयार चित्रे त्याची जागा घेतात. तेव्हा शुभेच्छांनाही थोडे काम जोडून द्यावे, असे मी सुचवीन. मी स्वतः प्रत्येक सफरीत मुक्कामी पोचल्यावर एका वहीत सोबतच्या प्रत्येकाविषयी एकच ओळ लिहितो आणि वर्षअखेरीस ज्याची ओळ त्याला हाताने लिहून पाठवतो. ‘धुके उतरले तेव्हा तुझा मागचा लाल दिवा हाच मला दिसणारा रस्ता होता’ एवढे वाक्य ज्याला मिळाले, त्या मित्राने ते अद्याप जपून ठेवले आहे.

दुसरे काम अधिक साधे आहे. आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या मोटरसायकलची बॅटरी आपोआप उतरत जाते. घड्याळ आणि अलार्म यांसारखी उपकरणे तिच्यातून थोडी थोडी वीज घेतच असतात, थंडीत तिची ताकद आणखी घटते, आणि लेड-ॲसिड बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत राहिली तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरून ती कायमची निकामी होऊ शकते. नऊ जणांत ज्याला यंदा फारसे बाहेर पडता आले नाही, त्याच्याकडे चार्जर घेऊन जा. बंद मोटरसायकलच्या बॅटरीचा दाब १२.४ व्होल्टच्या खाली आला असेल तर ती भारित करायला लावा आणि ती भरेपर्यंत त्याच्याशी बोलत बसा. त्याला काही तास लागतात, आणि ते लागतात हे चांगलेच आहे.

प्रश्न : माझी मोटरसायकल लहान आहे आणि मी सावकाश चालवते. एका जुन्या ग्रुपने सुट्यांतील चार दिवसांच्या सफरीला बोलावले आहे. माझ्यामुळे सर्वांचा खोळंबा होईल या भीतीने मी नकार द्यावा, असे वाटते.

नकार देऊ नका, परंतु होकार देण्यापूर्वी त्या ग्रुपच्या लीडला, म्हणजे सर्वांत पुढे राहून वाट दाखवणाऱ्या रायडरला, दोन गोष्टी विचारा. पहिली गोष्ट अशी की, नव्या रायडरला ते कुठे ठेवतात? शेवटी ठेवत असतील तर ते चुकीचे आहे. पुढच्याने किंचित वेग वाढवला की प्रत्येक मागच्याला आपले अंतर भरून काढण्यासाठी त्याहून अधिक वेगाने जावे लागते आणि शेपटाला असलेला माणूस सतत धावत राहतो. सर्वांत कमी अनुभवी रायडर लीडच्या लगेच मागे असावा, म्हणजे लीडला आरशात त्याचाच वेग दिसतो आणि तो सर्वांचा वेग ठरतो. सरळ रस्त्यावर एकाआड एक डावी-उजवी बाजू धरून, तिरक्या रेषेतील पुढच्यापासून निदान एक सेकंद आणि थेट समोरच्यापासून निदान दोन सेकंदांचे अंतर राखले जाते. वळणावळणांच्या रस्त्यावर मात्र ही रचना मोडून एकामागे एक जावे, आणि वळण आपल्याला झेपेल त्याच वेगाने घ्यावे. पुढचा ज्या वेगाने गेला तो आपला वेग मानू नये.

दुसरी गोष्ट अशी की, रस्ता बदलतो तेथे ते काय करतात? अनेक जुन्या ग्रुपमध्ये एक सुंदर पद्धत आहे. प्रत्येक फाट्यावर लीडच्या मागचा रायडर सुरक्षित जागी थांबतो, सर्वांना वळण दाखवतो, आणि शेवटचा रायडर, म्हणजे स्वीप, येताना दिसला की त्याच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्यावर त्याच्यानंतरचा थांबतो. दिवसभरात जवळजवळ प्रत्येक जण इतर सर्वांसाठी एकदा तरी थांबलेला असतो, आणि कुणालाही नजरेतून सुटू नये म्हणून घाई करावी लागत नाही. ही पद्धत पाळणाऱ्यांमध्ये ‘खोळंबा’ हा शब्द मी ऐकलेला नाही.

राहिला प्रश्न लहान मोटरसायकलचा. फ्रान्सच्या पत्रकार आन-फ्रान्स दोतव्हिल १९७३ मध्ये लहानशा कावासाकी मोटरसायकलवर एकट्याने जगप्रवासाला निघाल्या होत्या. आपली मोटरसायकल बहुधा त्याहून लहान नसावी.

प्रश्न : समोरून येणाऱ्या अनोळखी रायडरला अभिवादन करताना काही जण डावा हात खाली सोडून दोन बोटे दाखवतात, काही नुसती मान हलवतात. बरोबर काय?

दोन्ही बरोबर आहे. उजवा हात थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवण्याची मूठ, आणि पुढच्या ब्रेकवर गुंतलेला असल्याने मोकळा असतो तो डावाच. जेथे वाहने उजवीकडून चालतात तेथे हा डावा हात समोरून येणाऱ्याच्या बाजूला असतो आणि सहज दिसतो. जेथे ती डावीकडून चालतात तेथे तो पलीकडच्या बाजूला दडतो, म्हणून मान झुकवण्याची रीत अधिक सोयीची ठरते. फ्रान्समध्ये तर वाट देणाऱ्या मोटारचालकाचे आभार मानण्यासाठी रायडर उजवा पाय किंचित बाहेर काढतात. वळणात, वाहनांच्या गर्दीत किंवा क्लच हातात असताना कोणतेही अभिवादन केले नाही तरी कोणी रागावत नाही.

प्रश्न : सुट्यांच्या निमित्ताने आमच्या तीस जणांच्या क्लबने मोटरसायकलींवरून खेळणी नेऊन एका बालगृहात वाटायचे ठरवले आहे. कशाची काळजी घ्यावी?

असे उपक्रम अनेक देशांत होतात. खेळणी गोळा करून वाटण्याची ‘टॉइज फॉर टॉट्स’ ही मोहीम अमेरिकी मरीन कोअरच्या राखीव दलातील मेजर बिल हेंड्रिक्स यांनी १९४७ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू केली. त्यांच्या पत्नी डायन यांनी शिवलेली बाहुली गरजू मुलापर्यंत पोचवील अशी संस्थाच सापडेना, म्हणून त्यांनी नवऱ्याला ती उभी करायला सांगितले. पुढे मोटरसायकलस्वारांनी खेळण्यांच्या फेऱ्या काढून अशा कामाला आपलेपणाने हात लावला. मला या कथेत महत्त्वाचे वाटते ते हे की, द्यायची वस्तू आधीच तयार होती, अडले होते ते योग्य जागा शोधण्यापाशी.

तुमचेही पहिले काम तेच आहे. बालगृहाला आधी विचारा की मुले किती, कोणत्या वयांची आणि त्यांना खरोखर काय हवे आहे. खेळण्यांऐवजी पांघरुणे किंवा वह्या हव्या आहेत असे उत्तर आले तर तेच न्या. खेळणी नवी असावीत आणि कागदात गुंडाळलेली नसावीत, कारण वयानुसार वाटणी करणाऱ्याला आत काय आहे ते दिसले पाहिजे. तारीखही त्यांनाच ठरवू द्या. सणाच्या आठवड्यात अशा संस्थांकडे पाहुण्यांची रीघ लागते आणि नंतर कित्येक महिने दार वाजत नाही. तुमच्या तीस जणांपैकी निम्म्यांनी आता जावे आणि निम्म्यांनी तीन महिन्यांनी, असे झाले तर मला फार आनंद वाटेल.

सामानाविषयी थोडे कठोरपणे लिहितो, कारण उत्साहाच्या भरात येथेच चुका होतात. जड वस्तू खाली आणि मोटरसायकलच्या मध्याशी शक्य तितक्या जवळ ठेवाव्यात. मागच्या चाकाच्याही मागे उंचावर बांधलेले वजन पुढचे चाक हलके करते आणि हँडल डोलू लागते. रायडर, पिलियन म्हणजे मागे बसणारी व्यक्ती, आणि सामान यांचे एकूण वजन पुस्तिकेत दिलेल्या कमाल मर्यादेच्या आत असावे आणि टायरमधील हवा त्याच पुस्तिकेत भारासाठी सांगितलेल्या आकड्याइतकी, टायर थंड असताना भरावी. मोठे मऊ अस्वल मागे बांधले की छायाचित्र छान येते, परंतु ते मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकते. सामान बांधायच्या लवचीक दोरीचे, म्हणजे बंजी कॉर्डचे, सुटे टोक किंवा ओघळलेली फीत साखळीत अडकली तर चाक जागेवर थांबते. प्रत्येकाने निघण्यापूर्वी दुसऱ्याची बांधणी तपासावी, स्वतःची नव्हे.

तीस मोटरसायकली एकत्र हाकू नका. पाच ते सात जणांच्या तुकड्या करून मध्ये इतर वाहनांना शिरता येईल एवढे अंतर ठेवा. फाटकाजवळ पोचल्यावर इंजिने बंद करा, आणि आवाज काढून दाखवण्याची विनंती झाली तरी आधी लहान मुलांकडे पाहा, कारण काही मुले मोठ्या आवाजाने घाबरतात. मुलांची छायाचित्रे घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ती मुले कुणाच्या तरी सुटीची आठवण म्हणून तेथे राहत नसतात.

प्रश्न : गेल्या सफरीत माझी क्लच केबल तुटली. एक अनोळखी रायडर थांबला, त्याने रात्री घरी ठेवून घेतले आणि सकाळी केबल बसवून दिली. पैसे घेतले नाहीत. सुटीनिमित्त त्याला काही पाठवायचे आहे. काय पाठवावे?

त्याच मापाची एक नवी क्लच केबल पाठवा आणि सोबत लिहा की ती त्याच्या पिशवीत पुढच्या माणसासाठी असू दे. त्याने दिलेले त्याला परत करण्याचा याहून चांगला मार्ग मला सुचत नाही. त्याचबरोबर आपले स्वतःचे दार उघडा. अमेरिकेतील बीएमडब्ल्यू मोटरसायकल मालकांची संघटना मदतीला तयार असलेल्या सभासदांचे दूरध्वनी क्रमांक गावांनुसार देणारी छोटी पुस्तिका छापत आली आहे. त्यात एखादा हत्यारे देऊ करतो, एखादा तंबू ठोकण्यापुरती जागा, एखादा नुसता फोनवर सल्ला. आपल्या ओळखीच्या ग्रुपमध्ये अशी यादी एका संध्याकाळी तयार होईल.

मात्र एक गोष्ट लक्षात असू द्यावी, असे मला मनापासून वाटते. हा रस्त्यावरचा स्नेह सर्वांना सारखा मिळालेला नाही. बेसी स्ट्रिंगफील्ड या कृष्णवर्णीय महिलेने १९३० च्या दशकात एकटीने मोटरसायकलवरून अमेरिकेत लांबचे प्रवास केले. नकाशावर नाणे टाकावे आणि ते पडेल तिकडे निघावे, अशी त्यांची रीत होती. वर्णामुळे मुक्कामाच्या ठिकाणी त्यांना जागा नाकारली जाई. कृष्णवर्णीय कुटुंबे भेटली तर त्या त्यांच्याकडे राहत, नाहीतर पेट्रोलपंपावर हँडलवर जाकीट ठेवून मोटरसायकलवरच झोपत, असे त्यांनी सांगितले आहे. तुमच्यासाठी जसा तो रायडर थांबला, तसे तुम्ही ज्याच्यासाठी थांबाल तो दिसायला, बोलायला, मोटरसायकलनेही तुमच्यासारखा नसेल. त्याच्यासाठी आधी थांबा.

प्रश्न : आमच्यातील एक मित्र या वर्षी आजारपणात गेला. त्याची पत्नी प्रत्येक सफरीत मागच्या सीटवर असे. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणतो. वर्षअखेरच्या भेटीला तिला बोलवावे की तिला त्याचा त्रास होईल, यावर आमच्यात मतभेद आहेत.

बोलवा. न बोलवण्याचा त्रास नक्की होईल, बोलावण्याचा होईल की नाही ते त्यांना ठरवू द्या. निरोप ग्रुपवर टाकू नये. ज्याचा त्यांच्याशी अधिक मोकळेपणा आहे अशा एकाने घरी जाऊन सांगावे आणि ‘यायला जमले नाही तरी चालेल’ हे त्याच भेटीत सांगावे. वहिनी हा शब्द आपुलकीचा आहे, पण त्यात त्या मित्राच्या नात्याने ओळखल्या जातात. हजारो किलोमीटर पाऊस, ऊन आणि वारा अंगावर घेऊन वळणावर रायडरबरोबर नेमकी झुकणारी व्यक्ती स्वतःच्या हक्काने तुमची सहप्रवासी आहे, आणि त्यांना बोलावताना हे शब्दांत सांगा.

जर्मनीत १९५६ मध्ये ‘एलेफांटेनट्रेफेन’ हा मोटरसायकलस्वारांचा हिवाळी मेळावा सुरू झाला. बर्फात तंबू ठोकून राहणाऱ्या त्या गर्दीत शनिवारी रात्री मशाली घेऊन फेरी निघते आणि मरण पावलेल्या सोबत्यांचे स्मरण केले जाते. एकत्र जमण्याचा आनंद आणि गेलेल्याची आठवण यांत त्यांना विरोध वाटत नाही, आणि तुम्हालाही वाटू नये. लीडच्या शेजारची जागा रिकामी ठेवून काही अंतर जाण्याची पद्धतही रायडरांमध्ये आहे. तुम्हाला तसे करायचे असेल तर आधी मित्राच्या पत्नीची परवानगी घ्या, कारण ती रिकामी जागा बघण्याची तयारी प्रत्येकाची एकाच वेळी होत नाही.

भेटीच्या आधी एक व्यावहारिक काम करा. मित्राची मोटरसायकल घरात उभी असेल. ती विकायची की ठेवायची हा निर्णय त्यांचा आहे आणि त्यासाठी घाई करू नये; परंतु तोवर तिची बॅटरी भरलेली, टायरमध्ये हवा आणि कागदपत्रे एका जागी असतील एवढे पाहणे तुमच्यापैकी दोघांनी अंगावर घ्यावे. पुढे कधी त्यांनी पुन्हा मागच्या सीटवर यायचे म्हटले, तर कुणाबरोबर बसायचे हे त्यांनाच निवडू द्या. त्यांचे हेल्मेट पाच वर्षांहून जुने झाले असेल किंवा आतले अस्तर सैल पडले असेल तर नवे घ्या, आणि माप नीट बसते का हे पाहण्यासाठी त्यांना सोबत न्या.