लाईट आल्यावर शेतातली मोटर आपोआप चालू कशी होते? ऑटोस्विच बसवावा का?

हिरवं बटण दाबलं की स्टार्टरमधल्या कॉइलला वीज मिळते, तिचं लोहचुंबक बनतं आणि ते कॉन्टॅक्ट खेचून तिन्ही फेज मोटरीला जोडतं. 'खट्' आवाज येतो तो त्याचाच. बोट काढलं तरी मोटर चालू राहते, कारण त्याच ओढीत एक छोटा होल्डिंग कॉन्टॅक्ट जुळतो आणि कॉइलला वीज देत राहतो. लाईट गेली की चुंबकत्व संपतं, स्प्रिंग सगळं मागे ढकलते. म्हणून लाईट परत आली तरी मोटर गप्पच. हा बिघाड नव्हे, मुद्दाम ठेवलेली सुरक्षा आहे.

ऑटोस्विच फक्त तुमच्या बोटाचं काम करतो. तिन्ही फेज आहेत का बघतो, थोडा वेळ थांबतो आणि कॉइलला वीज देतो. रात्री दोनला विहिरीवर जायचा फेरा वाचतो, हे खरंच. पण सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपीवरच्या (म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपी जळू शकते. महावितरण 'ऑटोस्विच काढा, कपॅसिटर (लाईनवरचा भार हलका करणारा डबा) बसवा' म्हणतं ते यासाठीच.

बसवायचाच तर थांबण्याची वेळ शेजाऱ्यांपेक्षा वेगळी लावा. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरनुसार ठेवा. विहीर तळाला गेली असेल तर ड्राय रन संरक्षणाशिवाय (पाणी संपलं की मोटर बंद करणारी सोय) ऑटोच्या नादी लागू नका.

आणि स्टार्टर सारखा गुणगुणतोय? मेन स्विच बंद करून स्टार्टरचं झाकण उघडा. आमच्याकडे चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये मुंग्या चिरडून बसल्या होत्या.